ढिली रिंग

सुनेला सगळी वस्ती 'चौकशी' म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं सासऱ्याला विचारलं होतं, की मेंढी रवंथ करते तेव्हा वर आलेला घास परत त्याच पोटात जातो की दुसऱ्या. म्हाताऱ्याचे केस मेंढ्यांत पांढरे झाले होते, पण हा प्रश्न त्याला जन्मात पडला नव्हता. "मेंढीला विचार," तो म्हणाला. ही गोष्ट त्यानंच चार जणांना रंगवून सांगितली आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

रिंगांचं काम मात्र त्यानं आपण होऊन तिच्या हाती दिलं होतं. कोकरू जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याच्या शेपटीला रबराची घट्ट रिंग चढवायची असते. त्याला चार दात्यांचा एक चिमटा असतो. दांड्या दाबल्या की दाते फाकतात, रिंग ताणली जाते, तिच्यातून शेपूट ओवायचं आणि चिमटा अलगद काढून घ्यायचा. खाली रक्त जायचं थांबतं, शेपूट वाळतं आणि एक दिवस गवतात गळून पडतं. हे केलं नाही तर लांब शेपटीला हगवण चिकटते, माश्या बसतात, अळ्या पडतात, आणि अळ्या पडलेलं कोकरू उभ्या उभ्या खाल्लं जातं. चौकशीचा हात असा हलका, की कोकरू ओरडायला तोंड उघडेपर्यंत ती पुढच्या कोकराकडे वळलेली असायची. पोटात चिमी होती त्या मोसमातही ती रिंगा लावत होती. दिवस भरत आले, वाकता येईना, तरी बसून लावत होती.

चिमी जन्मली तेव्हा डाव्या पायाला घोट्याच्या वर खाच होती. पाय चहूबाजूंनी आवळल्यासारखा आत गेलेला, आणि त्याच्या खालचं पाऊल टम्म. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शेंडाच नव्हता. सुईणीनं आधी दोरा शोधला. नखानं खाचेत चाचपून पाहिलं, दिवा जवळ घेतला, पुन्हा चाचपलं. दोरा नव्हता. मग तिनं बाळंतिणीच्या हातांकडे पाहिलं, आणि खोलीतल्या सगळ्यांनीच पाहिलं.

तोंडानं कोणी काही बोललं नाही. ते काम लोकर कातरायला येणाऱ्या बाईनं केलं. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी ती बाई. मेंढी मांडीखाली दाबून धरलेली, हातात कातर, आणि म्हणते कशी, "दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना रिंगा लावायच्या आणि त्याच हातांनी आपलं पोट कुरवाळायचं. पोटातल्यालाही लागायचीच की हो."

चौकशीनं त्या दिवसापासून चिमट्याला हात लावला नाही. एरवी कशावरही दहा प्रश्न विचारणारी बाई, पण यावर तिनं कोणालाच काही विचारलं नाही. उत्तर काय येईल याची तिला भीती वाटत होती.

यंदाचा मोसम आला तोच ओला. पाऊस जोराचा पडेना आणि थांबेही ना. मेंढवाड्यातला पेंढा रोज बदलला तरी रोज कुजायचा, आणि माश्या तर अशा, की बोलायला तोंड उघडायची चोरी. कोकरं भरपूर झाली होती. रिंगा लावायला आता म्हातारा बसायचा आणि चिमीचा बाप कोकरं धरायचा. म्हाताऱ्याचे हात कापायचे. दात्यांवर चढवताना रिंग उडायची, कधी वाकडी बसायची, कधी ढिली.

"ही बघा, ही ढिली आहे," एका दुपारी चौकशी दारातून म्हणाली. कडेवर चिमी होती. आता ती रांगत होती, पण एका गुडघ्यानं. डावा पाय मागे फरफटत यायचा.

"आली का दुरून बघायला?" म्हातारा म्हणाला. "ये की मग, लाव तू."

तिनं उंबरा ओलांडला नाही. बापानं कोकरू पुन्हा धरलं. म्हाताऱ्यानं त्या ढिल्या रिंगेच्या वर दुसरी, चांगली ताणून, चढवली.

"ढिली राहिली तर काय होतं हो बाबा?"

"काय व्हायचं? वरचं रक्त खाली जातं, पण खालचं वर येत नाही. शेपूट वाळायच्या ऐवजी सुजतं. मग सडतं. म्हणून वर दुसरी लावायची, घट्ट, म्हणजे एकदाचं सुटतं बिचारं."

सांगून झाल्यावर म्हाताऱ्याची नजर सहज चिमीच्या पायाकडे गेली, आणि तिथंच राहिली. चौकशीनं पाय पदराखाली घेतला.

त्यानंतर तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. ती कोकरांच्या मागे मागे हिंडायला लागली. रिंग लावलेल्या शेपट्या चिमटीत धरून बघायची. दुसऱ्या दिवशी गार. चार दिवसांनी चामड्यासारख्या. टाचणी टोचली तरी कोकरू चरतच राही. मग घरी येऊन चिमीच्या पायाची बोटं धरायची. ऊबदार. पिसानं तळव्याला गुदगुल्या केल्या की बोटं आखडायची आणि चिमी खिदळायची. मेलेलं काही खिदळत नाही, एवढं चौकशीला कळत होतं. पण पाऊल आधीपेक्षा फुगलं होतं, आणि खाचेत आता तिच्या करंगळीचं नख बुडत होतं. चिमी वाढत होती, खाच काही वाढायला तयार नव्हती.

"पाय जिवंत आहे," तिनं रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगितलं. "मी तपासलंय. शहरात मुलांची हाडं-कातडी बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, लोकरवाला सांगत होता. दाखवून येऊ."

"आणि त्या काय करणार?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कापतील, शिवतील. मला काय माहीत? तेच तर विचारायचंय."

"सुरी लावणार." म्हाताऱ्यानं ताट बाजूला सारलं. "सुरीच्या जखमेला माशी बसते. माझ्या बापाच्या काळी शेपट्या सुरीनं कापायचे. अर्धी कोकरं जायची. रिंग आली आणि रक्ताचा थेंब दिसेनासा झाला. तिचं बोट बघ. पोटातच गळलं, कसं स्वच्छ! पाऊलही गळेल तसंच. लंगडी होईल, पण पोर राहील. आपल्याला पोर पाहिजे की पाऊल?"

"दोन्ही," चौकशी म्हणाली.

चिमीचा बाप नाकासमोर चालणारा माणूस. बापासमोर बोलायची त्याला सवय नव्हती, बायकोसमोर तर त्याहून नव्हती. तो म्हणाला, "कातरणी होऊ दे, मग बघू." म्हणजे झालं, असं समजून सगळे झोपले.

कातरणी व्हायची मात्र वाट बघावी लागली नाही. एका सकाळी चौकशी कुजका पेंढा बाहेर टाकून घरात आली. चिमी खाली मेंढीच्या कातड्यावर पडून स्वतःशीच बडबडत होती. म्हातारा तिच्या पायाशी उकिडवा बसला होता. शेजारी चिमटा होता आणि तळहातावर एक रिंग. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो ते टम्म पाऊल हळूहळू चोळत होता.

"बाबा."

तो दचकला नाही. "बघत होतो," एवढंच म्हणाला.

"काय बघत होता?"

त्यानं रिंग मुठीत मिटली. त्याचे डोळे ओले होते. चौकशीला राग यायला हवा होता, पण तिला धडकी भरली. माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं. हा तर आयुष्यभर ढिल्या रिंगेला जो उपाय केला, तोच आपल्या नातीला मायेनं करायला बसला होता. तिनं चिमीला उचललं आणि सरळ रस्त्यावर गेली. लोकरवाल्याचा ट्रक त्या दिवशी येणार होता. नवरा मागून धावत आला तेव्हा ती ट्रकमध्ये चढून बसली होती.

"अगं, कातरणी? बाबा एकटे..."

"चढताय की नाही?"

तो चढला.

लोकरीच्या गाठोड्यांना टेकून दोघं शहरापर्यंत गेली. दवाखान्याच्या बाकावर बसली तेव्हा शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दोन जागा सरकली. चौकशीला स्वतःचा वास कधी आला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा आला. बापानं बूट बाकाखाली लपवले, पण वास बुटांतून थोडाच येत होता.

डॉक्टरीणबाई बुटक्या होत्या आणि त्यांचा आवाज मोठा होता. चिमीचा पाय त्यांनी टेबलावर उघडा केला, खाचेतून सगळीकडे बोट फिरवलं, मग पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख पुन्हा गुलाबी झालं.

"कशासाठी दाबलंत?" चौकशीनं विचारलं.

"रक्त किती लवकर परत येतं ते बघायला. येतंय, पण रेंगाळत. सूजही आहे. आणखी थांबून चालणार नाही."

"आपोआप गळून नाही ना पडणार? स्वच्छ?"

"आता स्वच्छ काही होणार नाही. फुगेल, फुटेल, सडेल. मग वरून कापावा लागेल." डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "गळून पडेल हे कोणी सांगितलं?"

मग चौकशीनं सांगून टाकलं. रिंगा, चिमटा, शेपट्या, आणि तिचे ते हात, सगळं. सांगताना तिनं हात पाठीमागे धरले होते. नवऱ्यानं हे तिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

डॉक्टरीणबाईंना भलतंच कुतूहल वाटलं. रिंग केवढी असते, शेपूट गळायला किती वेळ लागतो, कोकराला दुखतं का, असं त्यांनीच विचारायला सुरुवात केली, आणि चौकशी सांगायला लागली. बाहेरच्या रांगेचं कोणालाच भान राहिलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या हातांमुळे हे झालेलं नाही. पोटात बाळाभोवती पिशवी असते ना? तिचा पापुद्रा फाटतो, त्याचे धागे सुटतात आणि बाळाच्या हातापायाला गुंडाळले जातात, असं समजतात."

"कोकराच्या तोंडावर चिकटतो तो पापुद्रा? मी बोटानं काढते तो?"

"तसाच."

"पण तो का फाटतो?"

"ते कोणालाच नक्की माहीत नाही."

"मग माहीत नसलेलं दुरुस्त कसं करता?"

"छप्पर का गळलं ते कळेपर्यंत तुम्ही खाली भांडं ठेवत नाही का?" बाई हसल्या आणि त्यांनी जांभळी शाई घेतली. खाचेच्या बाहेरच्या बाजूला चिमीच्या पायावर त्यांनी नागमोडी रेघ काढली. वर टोक, खाली टोक, वर टोक.

"सरळ का नाही कापत?"

"सरळ शिवण गोल फिरवली की ती पुन्हा नाडीसारखी आवळते. नागमोडी शिवलं की कातडीची टोकं एकमेकांत बसतात आणि शिवण पायाबरोबर वाढते. आणि आधी एकच बाजू करायची. सगळीकडून एकदम कापलं तर पावलाला रक्त कुठून जाईल? ही बाजू जुळली की काही महिन्यांनी दुसरी."

ऑपरेशनच्या सकाळी चिमीला दूध द्यायचं नव्हतं. ती आईच्या छातीशी धडका मारत ओरडत होती, आणि दूध दाटून चौकशीची छाती दगड झाली होती. दार उघडलं, चिमीला आत नेलं, दार बंद झालं. चिमीच्या बापानं भिंतीला डोकं टेकलं आणि तो तसाच उभा राहिला. चौकशीला बसवेना. आत आता काय सापडलं असेल, एवढंच तिच्या मनात होतं. इतके दिवस तिला वाटत होतं, त्या खाचेच्या तळाशी काहीतरी आहे. दोरा, केस, रबर. सुईणीला न दिसलेलं काहीतरी.

बाई बाहेर आल्या तशी तिनं पहिलं विचारलं, "चिमी?" आणि लगेच दुसरं, "आत काय होतं? मला दाखवा."

"चिमी बरी आहे. आतलं बघवेल?"

"मी मेंढ्यांतली आहे."

त्यांनी नर्सला सांगून स्टीलची एक छोटी वाटी आणवली. वाटीत फिकट, निबर कातडीचा अरुंद तुकडा होता. चौकशीनं हातमोजा घालून तो उचलला, उलटा केला, ताणला, उजेडात धरला. दोरा नव्हता, रबर नव्हतं. खालून कातडी, वरून कातडी.

"एवढंच?"

"एवढंच. तिचीच कातडी, आत वळलेली."

ती खाली बसली आणि ढसाढसा रडली. नवरा घाबरला, त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. ती नुसती मान हलवत राहिली. बाहेरून कोणी काही लावलं नव्हतं. ती चिमीच होती.

घरी परतली तेव्हा म्हातारा मेंढवाड्यात एका कोकराच्या मागच्या अंगातून अळ्या वेचत होता. त्याची पाठ वाकली होती, डोळे लाल झाले होते. त्यानं चिमीच्या पायाची पट्टी पाहिली आणि तोंड फिरवलं. चौकशीनं त्याला काही बोलून दाखवलं नाही. तिनं चिमटा मागितला, आणि अंधार पडेपर्यंत उरलेल्या सगळ्या कोकरांना रिंगा लावल्या. एकही ढिली बसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्याचा नवा नेम सुरू झाला. सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी चिमीच्या पट्टीला नाक लावायचं. जखम चिघळली की डोळ्यांआधी नाकाला कळते, हे त्याला मेंढ्यांनी शिकवलं होतं. वास घ्यायचा, हुं करायचं, निघून जायचं. चिमी त्याचे केस ओढायची. एका सकाळी त्यानं दोनदा वास घेतला आणि चौकशी हातातलं टाकून आली.

"काय झालं?"

"पावडरीचा वास येतोय," तो नाराजीनं म्हणाला. "बाकी काही नाही."

पट्टी सुटली. बाहेरच्या बाजूनं खाच भरून आली होती आणि तिच्या जागी नागमोडी व्रण होता. आतल्या बाजूची अर्धी खाच तशीच होती. पाऊल उतरलं होतं. बोटांमधल्या फटी दिसायला लागल्या होत्या. म्हातारा चिमीला उलटसुलट करून एकदा इकडून बघायचा, एकदा तिकडून.

"अर्धं राहिलंय," तो म्हणाला.

"दुसऱ्या बाजूला पुन्हा जायचंय."

"कधी?"

"आणखी दोन महिन्यांनी. पण तेव्हा कळप वरच्या कुरणावर न्यायचा असेल. ह्यांना निघता येणार नाही."

म्हातारा बराच वेळ व्रणावरून अंगठा फिरवत राहिला. "मी येतो," तो म्हणाला.

दवाखान्यात या खेपेला कोणी सरकलं नाही, कारण म्हाताऱ्यानं येण्याआधी अंग असं घासलं होतं की मान लाल झाली होती. डॉक्टरीणबाईंसमोर तो टोपी हातात धरून उभा राहिला. त्यांनी चिमीचं नख दाबलं, झटकन गुलाबी झालेलं पाहिलं आणि खूश झाल्या. मग दुसऱ्या बाजूला जांभळी रेघ काढायला लागल्या.

"बाई," म्हातारा एकदम म्हणाला, "ढिली रिंग असली की आम्ही वर घट्ट लावतो."

"सूनबाईंनी सांगितलं मला. शेपूट टाकायचं असतं, तिथं ते ठीक. पाय ठेवायचा असतो."

"मी हिला लावणार होतो."

बाईंचा हात थांबला. चौकशीनं खाली पाहिलं. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा.

"लावली नाहीत ना पण," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"चढली नाही," म्हातारा म्हणाला. "पाऊल सुजलं होतं म्हणून चढली नाही."

चिमीनं शाईची बाटली पकडायला हात पुढे केला. बाईंनी बाटली बाजूला ठेवली आणि राहिलेली रेघ पुरी केली.

आत नेताना चिमी रडली तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. चौकशीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि ढकलून द्यावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ती त्याच्या शेजारी बसून राहिली.

दुसरी बाजूही जुळली. पट्टी सुटली, टाके विरघळले, दोन्ही व्रण एकमेकांना भेटले. पाऊल उजव्यापेक्षा थोडं जाडच राहणार, असं बाईंनी सांगितलं होतं. त्यावर भार कसा पेलवेल, हे मात्र त्यांनीही सांगितलं नव्हतं. "उभं राहायचं तेव्हा तीच राहील, घाई करू नका," एवढंच म्हणाल्या होत्या. चिमी बसायची, रांगायची, उजव्या पायावर उठून डावा पाय बगळ्यासारखा वर धरायची. तिनं डावा टेकावा म्हणून बापानं शिट्ट्या वाजवल्या, आईनं खेळणी धरली. पालथ्या घड्यावर पाणी.

कळप वरच्या कुरणावरून उतरला त्या दिवशी सगळे मेंढवाड्यात होते. चिमी लोकरीच्या गाठोड्याला धरून उभी होती, एका पायावर. म्हातारा तिच्यापुढे गुडघे टेकून पेंढ्यातले खडे वेचत होता, तिच्या पायाला टोचू नयेत म्हणून. त्याचा पंजा जमिनीवर पसरलेला होता. मेंढीनं गाठोड्याला धक्का दिला, चिमीचा तोल गेला आणि तिनं डावा पाय खाली टाकला, थेट म्हाताऱ्याच्या बोटांवर. दुसऱ्या पायानं मेंढीला लाथ मारायची होती म्हणून तिनं उजवा उचलला. सगळं अंग डाव्या पावलावर आलं.

चौकशीनं हात पुढे केले. चिमी पडली नाही. डुलली, गाठोडं घट्ट धरलं, आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, हात काढा," चौकशी म्हणाली. "दुखत असेल."

"दुखतंय," म्हातारा म्हणाला. त्यानं हात हलवला नाही. "चांगलंच दुखतंय. राहू दे."